अतिनील प्रकाशावरून निवडलेल्या दूरस्थ दीर्घिका : तारानिर्मिती, भौतिक गुणधर्म आणि निवडीच्या मर्यादा

सारांश

दूरस्थ विश्वात ज्या दीर्घिकांमध्ये नव्या ताऱ्यांची निर्मिती वेगाने चालू होती, त्या शोधण्याचा सर्वाधिक वापरला गेलेला मार्ग म्हणजे अतिनील प्रकाश. प्रस्तुत लेखात या प्रकाशाचा व तारानिर्मितीचा संबंध, दीर्घिका निवडण्याची पद्धत आणि अशा निवडीतून हाती आलेले भौतिक गुणधर्म यांचा आढावा घेतला आहे. निवडीची पद्धत निष्कर्षांना कसा आकार देते, हे ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय वेधशाळेने टिपलेल्या एका दीर्घिकेच्या आधारे स्पष्ट केले आहे. मोजलेली राशी आणि अनुमानाने काढलेली राशी यांतील भेद ध्यानात ठेवल्याशिवाय या विषयातील आकडे वाचू नयेत, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दीर्घिका, अतिनील प्रारण, ताम्रसृती, लायमन सीमा, तारानिर्मितीचा दर, धूली, ॲस्ट्रोसॅट.

१. प्रस्तावना

पन्हाळगडाच्या तटावर रात्री उभे राहिले असता आग्नेयेकडे कोल्हापूर शहराचे दिवे दिसतात. केवळ त्या दिव्यांवरून शहराची लोकसंख्या सांगावयाची झाल्यास काय होईल? बाजारपेठेतील झगमगाट चटकन नजरेत भरेल. झाडांआड दडलेल्या वसाहती मोजणीतून सुटतील. हवेत धुके असेल तर दिवे मंद दिसतील आणि काहीसे तांबूसही भासतील. तरीही कसोशीने, दिवा कोणत्या प्रकारचा आहे व धुके किती आहे याचा अंदाज घेऊन, काही विश्वासार्ह उत्तर काढता येईल. मात्र त्या उत्तरासोबत ‘हे उत्तर दिव्यांवरून काढले आहे’ ही नोंद कायम जोडलेली असावी लागेल.

दूरस्थ दीर्घिकांचा अभ्यास करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. कोट्यवधी ताऱ्यांची एकेक दीर्घिका त्याच्या छायाचित्रात जेमतेम एक ठिपका असते. त्या ठिपक्याच्या प्रकाशावरून तेथे वर्षाला किती तारे जन्मत होते, एकूण किती तारे होते, धूली किती होती, हे त्याने सांगावयाचे असते. गेल्या तीन दशकांत ही उत्तरे मोठ्या प्रमाणावर अतिनील (जंबुपार) प्रकाशाच्या आधारे मिळाली. ही उत्तरे कोणती, ती कशी मिळाली आणि त्यांवर कितपत विसंबावे, या तीन प्रश्नांचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

२. अतिनील प्रकाश आणि तारानिर्मिती

तारे एकाच वस्तुमानाचे जन्मत नाहीत. एका वायुमेघातून सूर्याहून लहान असे पुष्कळ तारे, सूर्यासारखे काही आणि सूर्याच्या दहा-वीस पट वस्तुमानाचे अगदी मोजके तारे निर्माण होतात. या मोजक्या ताऱ्यांचा रुबाब मात्र मोठा असतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. अतिविशाल ताऱ्यांचे ३०,००० केल्विनहून अधिक असते. परिणामी त्यांचा बहुतांश प्रकाश अतिनील पट्ट्यात बाहेर पडतो. परंतु असे तारे आपले इंधन उधळपट्टीने वापरतात. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे, तर अतिविशाल ताऱ्याचे काही दशलक्ष वर्षांचेच असते.

अतिनील प्रकाशाचे महत्त्व याच अल्पायुष्यात आहे. एखादी दीर्घिका अतिनील प्रकाशात तेजस्वी दिसत असेल, तर तिच्यात असे तारे अद्याप जिवंत आहेत आणि त्या अर्थी तारानिर्मिती नुकतीच झालेली आहे किंवा चालूच आहे, असा निष्कर्ष निघतो. ‘नुकतीच’ म्हणजे खगोलशास्त्रीय मापाने सुमारे दहा कोटी वर्षांच्या आत. दृश्य व अवरक्त प्रकाशात जुन्या, लहान ताऱ्यांचा वाटा मोठा असतो. तो प्रकाश म्हणजे दीर्घिकेची साठलेली पुंजी, तर अतिनील प्रकाश म्हणजे तिची चालू मिळकत, असे म्हणता येईल.

येथे एक व्यावहारिक अडचण उद्भवते. पृथ्वीच्या वातावरणातील ओझोनचा थर सुमारे ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश खाली पोहोचू देत नाही. आपल्या दृष्टीने हे वरदान असले तरी जवळच्या दीर्घिकांचा अतिनील अभ्यास त्यामुळे जमिनीवरून अशक्य होतो. गंमत अशी की अतिदूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत ही अडचण आपोआप दूर होते. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते. या ताणाचे माप म्हणजे ताम्रसृती. निघताना असलेली तरंगलांबी ‘एक अधिक ताम्रसृती’ या संख्येने गुणली की आपल्याकडे पोहोचणारी तरंगलांबी मिळते. ताम्रसृती ३ असलेल्या दीर्घिकेतून १५० नॅनोमीटरचा अतिनील किरण निघाला, तर तो आपल्याकडे ६०० नॅनोमीटरचा, म्हणजे नारिंगी रंगाचा दृश्य किरण होऊन येतो. म्हणून अतिदूरच्या दीर्घिकांचे अतिनील रूप जमिनीवरील मोठ्या दुर्बिणींना दिसते. त्या मानाने जवळच्या, ताम्रसृती १ च्या आसपासच्या दीर्घिकांसाठी मात्र अवकाशातच जावे लागते.

३. निवडीची पद्धत : लायमन सीमा

हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन सुटा करण्यासाठी १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ही ऊर्जा ९१.२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशकणात असते. या तरंगलांबीस लायमन सीमा म्हणतात. त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाशकण वाटेत उदासीन हायड्रोजनच्या अणूला भेटला की बहुधा तेथेच शोषला जातो. ताऱ्यांच्या वातावरणात, दीर्घिकेतील वायूत आणि दीर्घिकांमधील अवकाशात हायड्रोजन सर्वत्र आहे. त्यामुळे दीर्घिकेच्या वर्णपटात लायमन सीमेपाशी एकदम कडा तुटल्यासारखा प्रकाश नाहीसा होतो.

हा तुटलेला कडा हीच दीर्घिकेची खूण. ताम्रसृती ३ ला तो ३६५ नॅनोमीटरपाशी, म्हणजे जमिनीवरून दिसणाऱ्या अतिनील-जांभळ्या पट्ट्यात येतो. एकाच आकाशभागाची जांभळ्या, हिरव्या व लाल गाळण्यांतून छायाचित्रे घ्यावीत. जो ठिपका हिरव्या व लाल चित्रांत दिसतो पण जांभळ्या चित्रातून गायब होतो, तो बहुधा ताम्रसृती ३ च्या आसपासची दीर्घिका असतो. प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट घेण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स स्टायडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत नेटाने राबवली. १९९६ मध्ये हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांनी तिची सत्यता सिद्ध केली. तोवर अशा दूरच्या सामान्य दीर्घिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ज्ञात होत्या. त्यानंतर त्यांची संख्या शेकड्यांनी व पुढे हजारांनी वाढली.

ताम्रसृती वाढेल तसा हा कडा लाल रंगाकडे सरकतो. त्यामुळे एकच युक्ती वेगवेगळ्या कालखंडांसाठी वापरता येते. ताम्रसृती १ ला कडा १८२ नॅनोमीटरपाशी असतो. तेथे अवकाशातील अतिनील दुर्बीण लागते, आणि २००३ ते २०१३ या काळात ‘गॅलेक्स’ या उपग्रहाने हे काम केले. उलट टोकाला, २०२१ च्या डिसेंबरात प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीने हीच युक्ती अवरक्त पट्ट्यात वापरली. २०२४ मध्ये जाहीर झालेली ताम्रसृती १४ ची एक दीर्घिका अशाच प्रकारे हेरली गेली. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षेही उलटली नव्हती, तेव्हाचा तिचा अतिनील प्रकाश आज अवरक्त होऊन आपल्याकडे येतो. २०२५ मध्ये रेडिओ-मिलिमीटर वेधांतून तिच्यात ऑक्सिजनही आढळला. याचा अर्थ ताऱ्यांची किमान एक पिढी तोवर जगून संपलेली होती.

४. भौतिक गुणधर्म

(अ) तारानिर्मितीचा दर : अतिनील तेजस्विता आणि ताम्रसृतीवरून काढलेले अंतर माहीत झाले की तारानिर्मितीचा दर काढता येतो. त्यासाठी वस्तुमानानुसार ताऱ्यांची वाटणी कशी होते, हे गृहीत धरावे लागते. कारण दिसतात ते विशाल तारे, आणि हिशेब मांडावयाचा असतो तो सर्व ताऱ्यांचा. सॅलपीटर यांनी १९५५ मध्ये मांडलेली वाटणी घेतली, तर तीच तेजस्विता नंतर रूढ झालेल्या वाटण्यांच्या तुलनेत सुमारे दीडपटीहून अधिक दर देते. ताम्रसृती ३ च्या तेजस्वी लायमन-खंडित दीर्घिकांसाठी हा दर वर्षाला काही दशके सौरवस्तुमाने इतका निघतो. आपल्या आकाशगंगेत तो वर्षाला एक ते दोन सौरवस्तुमाने आहे. या दीर्घिका आकाराने आकाशगंगेहून लहान होत्या हे लक्षात घेता त्यांतील लगबग किती तीव्र असावी, याची कल्पना येते.

(आ) धूली : तारे जेथे जन्मतात तेथेच धूलीही असते. धूली अतिनील प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा अवरक्त रूपात परत सोडते. ती निळा प्रकाश अधिक व लाल प्रकाश कमी अडवत असल्याने दीर्घिका मंद होण्याबरोबर तांबूसही होते. अतिनील वर्णपटाचा उतार मोजून धूलीने किती प्रकाश अडवला याचा अंदाज बांधला जातो. ताम्रसृती २ ते ३ च्या अशा दीर्घिकांमध्ये प्रत्यक्ष तारानिर्मिती वरवर दिसते त्याच्या सरासरीने चार ते पाच पट असल्याचे क्ष-किरण व इतर स्वतंत्र वेधांवरून आढळले. एका घटकासाठी करावी लागणारी दुरुस्ती मूळ मोजमापाहून कित्येक पट मोठी असावी, ही बाब नजरेआड करण्याजोगी नाही.

(इ) ताऱ्यांचे वस्तुमान व वय : अतिनीलपासून अवरक्तपर्यंत अनेक गाळण्यांतून मोजलेले तेज एकत्र मांडून त्याशी ताऱ्यांच्या समूहांच्या गणिती प्रतिकृती जुळवल्या जातात. लायमन-खंडित दीर्घिकांतील ताऱ्यांचे वस्तुमान या रीतीने सूर्याच्या सुमारे एक हजार कोटी पट असे साधारणतः येते. वयाच्या बाबतीत मात्र अडचण आहे. दीर्घिका तांबूस दिसते ती तारे वृद्ध आहेत म्हणून की धूली अधिक आहे म्हणून, हे केवळ रंगावरून नेहमीच ठरवता येत नाही. गडावरून दिसणारा तांबूस दिवा मुळातच तांबूस आहे की धुक्यामुळे तसा दिसतो, असाच हा पेच आहे.

(ई) आकार व रूप : हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत या दीर्घिका काही हजार प्रकाशवर्षे त्रिज्येच्या, ओबडधोबड व गुठळ्यागुठळ्यांच्या दिसतात. तबकडी, भुजा व मध्यभागीचा फुगवटा अशी आजच्या सर्पिल दीर्घिकांची नीटस ठेवण त्यांत क्वचितच आढळते. परंतु अतिनील प्रकाश नव्या ताऱ्यांचेच ठिकाण दाखवतो. जुने तारे अधिक सुबकपणे पसरलेले असून अतिनील चित्रात ते दिसत नसतील, ही शक्यता गृहीत धरणे आवश्यक ठरते.

(उ) जड मूलद्रव्ये व वायूचे प्रवाह : ताम्रसृती २.७३ असलेली ‘सीबी ५८’ नावाने ओळखली जाणारी दीर्घिका या संदर्भात उद्बोधक आहे. मध्ये आलेल्या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वीय भिंगामुळे तिचे तेज सुमारे तीस पट वाढलेले दिसते. त्यामुळे मॅक्स पेटिनी व सहकाऱ्यांना २००० ते २००२ या काळात तिच्या वर्णपटाचा बारकाईने अभ्यास करता आला. तिच्यातील ऑक्सिजनचे प्रमाण सूर्याच्या सुमारे दोन-पंचमांश असल्याचे आणि वायू सेकंदाला अदमासे २५० किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जात असल्याचे दिसले. अशा प्रकारचे प्रवाह लायमन-खंडित दीर्घिकांत सर्रास आढळतात. विशाल ताऱ्यांचे वारे व त्यांचे स्फोट हे त्यांचे कारण. म्हणजे तारानिर्मिती आपल्याच कच्च्या मालाची काही प्रमाणात हकालपट्टी करते.

या सर्व दीर्घिकांची बेरीज केली असता विश्वाच्या तारानिर्मितीचा इतिहास उलगडतो. हा दर सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी, ताम्रसृती २ च्या आसपास, शिखरावर होता. तेव्हा तो आजच्या सुमारे नऊपट होता. नंतर तो उतरत गेला. अतिनील व अवरक्त अशा दोन्ही मोजण्या एकत्र केल्यानंतरच हे चित्र स्थिर झाले, हे येथे नमूद केले पाहिजे.

५. चाळणीतून निसटलेल्या दीर्घिका

लायमन कड्याची पद्धत ही एक चाळण आहे. तिच्यात अडकण्यासाठी दीर्घिका तारानिर्मिती करणारी, अतिनील प्रकाशात तेजस्वी आणि फारशी धुळकट नसलेली असावी लागते. या अटी न पाळणाऱ्या दीर्घिका खाली गळून जातात.

याचे ठळक उदाहरण ‘हबल डीप फील्ड’ या प्रसिद्ध आकाशभागात मिळते. १९९५ च्या डिसेंबरात हबल दुर्बिणीने सलग दहा दिवस हा भाग न्याहाळला आणि सुमारे तीन हजार दीर्घिकांची नोंद झाली. १९९८ मध्ये त्याच भागाचे मिलिमीटरहून किंचित कमी तरंगलांबीत वेध घेण्यात आले. त्यांत सर्वांत तेजस्वी ठरलेल्या स्रोताच्या जागी हबलच्या चित्रात मात्र त्याचा असा कोणताही ठिपका नव्हता. त्याचे अंतर ठरवण्यास पुढे चौदा वर्षे लागली. २०१२ मध्ये त्याची ताम्रसृती ५.१८ निघाली आणि तेथे वर्षाला शेकडो सूर्यांइतके वस्तुमान ताऱ्यांत रूपांतरित होत असल्याचे कळले. एवढी प्रचंड भट्टी धगधगत असूनही धुळीच्या पडद्यामुळे अतिनील चाळणीला तिचा पत्ता नव्हता.

याउलट ज्यांची तारानिर्मिती थांबली आहे अशा शांत दीर्घिकाही सुटतात. त्यामुळे ‘दूरस्थ दीर्घिका लहान, निळ्या व गुठळ्यांच्या होत्या’ या विधानाऐवजी ‘अतिनील प्रकाशावरून निवडलेल्या दूरस्थ दीर्घिका अशा होत्या’ असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध होय.

६. ॲस्ट्रोसॅट आणि नियमाला अपवाद असलेली दीर्घिका

चाळणीची मर्यादा आणखी एका, अधिक सूक्ष्म अंगाने प्रकट होते, आणि ती दाखवून देण्यात पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राचा, म्हणजे ‘आयुका’चा, महत्त्वाचा वाटा आहे.

महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्वातील हायड्रोजन उदासीन झाला. पुढे शंभर कोटी वर्षांच्या सुमारास तो पुन्हा आयनीभूत झालेला आढळतो. हे काम ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशाने केले असले पाहिजे. परंतु आधी पाहिल्याप्रमाणे हा प्रकाश तर दीर्घिकेतच शोषला जातो. मग विश्वाला पुन्हा आयनीभूत करणारा प्रकाश बाहेर पडला कोठून? काही दीर्घिकांतून तो गळत असला पाहिजे, हे उघड आहे. प्रश्न असा की कोणत्या दीर्घिकांतून, आणि किती? त्या आद्य काळातील गळती थेट पाहणे जवळपास अशक्य आहे, कारण वाटेतील हायड्रोजन ती पिऊन टाकतो. म्हणून अलीकडच्या काळातील तत्सम दीर्घिका शोधाव्या लागतात.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘ॲस्ट्रोसॅट’ ही भारताची पहिली बहुतरंगलांबी अवकाश वेधशाळा प्रक्षेपित झाली. सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरील तिच्या कक्षेत ‘यूव्हीआयटी’ ही जुळी अतिनील दुर्बीण आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने आयुका व इतर संस्थांच्या, तसेच कॅनडाच्या अवकाश संस्थेच्या सहकार्याने ती उभारली. तिच्या प्रत्येक आरशाचा व्यास सुमारे ३७.५ सेंटिमीटर आहे. हबलच्या २.४ मीटरच्या आरशापुढे हा आरसा अगदीच लहान. परंतु तिचे दृष्टिक्षेत्र जवळजवळ पूर्ण चंद्राएवढे आहे आणि तिचे शोधक एकेक प्रकाशकण मोजतात.

२०१६ च्या ऑक्टोबरात आयुकातील डॉ. कनक साहा व सहकाऱ्यांनी ही दुर्बीण फोर्नॅक्स तारकासमूहातील ‘हबल एक्स्ट्रीम डीप फील्ड’ या आकाशभागाकडे वळवली. कोल्हापुरातून डिसेंबरअखेरीस रात्री दहाच्या सुमारास हा भाग दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४५ अंश उंचीवर येतो. नुसत्या डोळ्यांना तेथे काहीच विशेष दिसत नाही. एकूण २८ तासांहून अधिक काळ वेध घेण्यात आले आणि त्यांच्या विश्लेषणास जवळपास दोन वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०२० रोजी ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

‘एयूडीएफएस०१’ असे नाव दिलेल्या या दीर्घिकेची ताम्रसृती १.४२ आहे. तिचा प्रकाश सुमारे ९३० कोटी वर्षे प्रवास करून आला. तिची लायमन सीमा आपल्याकडे २२१ नॅनोमीटरपाशी पोहोचते. यूव्हीआयटीचा दूर-अतिनील पट्टा १३० ते १८० नॅनोमीटरचा आहे, म्हणजे संपूर्णपणे कड्याच्या पलीकडे. नियमाप्रमाणे या पट्ट्यात दीर्घिका अंधारी दिसावयास हवी होती. ती दिसली. जो प्रकाश टिपला गेला तो दीर्घिकेतून निघताना ६० नॅनोमीटरच्या आसपासचा होता. आयनीभवन घडवणाऱ्या प्रकाशाचा २० टक्क्यांहून अधिक वाटा तेथून निसटत असल्याचे शास्त्रज्ञांनी अनुमान काढले. दीर्घिका कमी वस्तुमानाची आणि गुठळ्यांची होती.

असा दावा सहजी मान्य होत नसतो. जवळच्या एखाद्या दीर्घिकेचा प्रकाश त्याच दिशेने मिसळला असेल तर? शोधकाची स्वतःची पार्श्वभूमीच प्रकाश म्हणून मोजली गेली असेल तर? पहिल्या शंकेचे निरसन करण्यासाठी हबलची सुस्पष्ट चित्रे व वर्णपट उपयोगी पडले. दुसऱ्या शंकेसाठी यूव्हीआयटीच्या शोधकांचा गुण कामी आला. त्यांची पार्श्वभूमी हबलवरील शोधकाच्या मानाने पुष्कळच कमी आहे, आणि अत्यंत मंद स्रोतासाठी आरशाच्या आकाराइतकेच पार्श्वभूमीच्या शांततेला महत्त्व असते. कोल्हापूरच्या अभ्यासकांना हा मुद्दा परका वाटू नये. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून व पन्हाळ्यावरून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या सहभागाने रात्रीच्या वातावरणीय दीप्तीचे वेध घेतले गेले आहेत. वातावरण अभ्यासणाऱ्यास जी दीप्ती हा विषय, तीच खगोलशास्त्रज्ञाला पार्श्वभूमीचा अडथळा. म्हणूनच यूव्हीआयटीचे वेध उपग्रह पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूस असतानाच घेतले जातात.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या शोधाचा सर्वांत मोलाचा धडा असा. ‘कड्याच्या पलीकडे जी अंधारी, तीच दूरस्थ दीर्घिका’ हा निकष काटेकोरपणे लावला, तर ज्या दीर्घिकांतून आयनीभवन करणारा प्रकाश गळतो त्याच यादीतून वगळल्या जातात. विश्वाच्या पुनर्आयनीभवनाचे कारण शोधावयाचे आणि चाळण मात्र त्याच कारणाला बाजूला सारणारी वापरावयाची, असा विरोधाभास निर्माण होतो. एयूडीएफएस०१ ही कड्याच्या निकषावर नव्हे, तर ताम्रसृती आधीच ज्ञात असलेल्या क्षेत्रात प्रत्यक्ष कड्याच्या पलीकडे पाहिल्यामुळे सापडली.

याच खोल वेधांतून आणखीही फलनिष्पत्ती झाली. २०२२ च्या जुलैत ‘नेचर’मध्ये तेजपूर विद्यापीठाचे अंशुमन बोरगोहाईं, डॉ. साहा व सहकाऱ्यांनी १३० ते २८० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील अकरा निळ्या खुज्या दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या दीर्घिकांच्या दृश्य सीमेच्या बाहेरही दूर-अतिनील प्रकाश पसरलेला होता. बाहेरील भागात नवे तारे निर्माण होत असून दीर्घिका बाहेरून वाढत आहेत, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. मार्च २०१८ मध्ये यूव्हीआयटीचा निकट-अतिनील विभाग बंद पडला. तत्पूर्वी घेतलेल्या या वेधांचे मोल त्यामुळे अधिकच वाढले.

७. मोजलेले आणि अनुमानित

वरील विवेचनातील राशींची दोन गटांत विभागणी करता येते. विशिष्ट गाळणीतून आलेले तेज, वर्णपटातील रेषांचे स्थान, त्यावरून मिळणारी ताम्रसृती आणि आकाशातील कोनीय आकार या मोजलेल्या राशी आहेत. अंतर, कालावधी, तारानिर्मितीचा दर, ताऱ्यांचे वस्तुमान, धूलीचे प्रमाण व निसटणाऱ्या प्रकाशाचा वाटा या अनुमानित राशी आहेत. त्यांच्यामागे ताऱ्यांच्या वाटणीची, धूलीच्या गुणधर्मांची किंवा विश्वाच्या प्रसरणाची काही ना काही प्रतिकृती उभी असते.

१९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांचे स्मरण येथे अपरिहार्य ठरते. आयुकाचे संस्थापक संचालक असलेल्या नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. महास्फोट सिद्धान्ताला पर्याय म्हणून फ्रेड हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत त्यांनी १९९३ मध्ये अर्धस्थिर विश्वाची प्रतिकृती मांडली होती. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही, आणि दूरस्थ दीर्घिकांत दिसणारी उत्क्रांती महास्फोट प्रतिकृतीत अधिक सहजपणे बसते. तथापि, ताम्रसृती ही मोजलेली संख्या असून ‘९३० कोटी वर्षे’ ही प्रतिकृतीच्या आधारे काढलेली संख्या आहे, हा भेद त्या वादाने स्पष्टपणे समोर ठेवला. प्रचलित प्रतिकृती मान्य करणाऱ्यानेही तो विसरता कामा नये.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन अध्यापनासाठी हा विषय वाटतो तितका दुर्गम नाही. कृष्णवस्तूचे प्रारण, हायड्रोजन अणूच्या ऊर्जापातळ्या आणि तरंगलांबीचा ताण एवढ्या पदवी स्तरावरील ज्ञानावर वरील मांडणी उभी आहे. ताम्रसृती १, १.४२ व ३ ला लायमन सीमा कोठे येईल हे काढून त्यासाठी जमिनीवरील दुर्बीण पुरेल की अवकाशातील लागेल, हे विद्यार्थ्यांना ठरवावयास सांगणे हा एका तासिकेचा उत्तम उपक्रम होईल. ॲस्ट्रोसॅटचे वेध ठरावीक मुदतीनंतर इस्रोच्या संग्रहातून खुले होतात. हबलचेही तसेच आहेत. विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांसाठी आयुकाची अभ्यागत सहयोगी योजना आहे. मोठी दुर्बीण गावात नसणे हा संशोधनातील अडथळा आता पूर्वीइतका उरलेला नाही.

भौतिकशास्त्राबाहेरील सहकाऱ्यांनाही निवडीचा प्रश्न ओळखीचा वाटेल. दूरध्वनीवरून केलेल्या सर्वेक्षणात दूरध्वनी नसलेला माणूस येत नाही. दप्तरातील नोंदींवरून लिहिलेल्या इतिहासात ज्याची नोंद झाली नाही तो येत नाही. साधन बदलल्याशिवाय सुटलेले घटक दिसत नाहीत, हा अनुभव सर्व विद्याशाखांना समान आहे.

९. समारोप

अतिनील प्रकाशावरून केलेल्या निवडीने दूरस्थ विश्वाचे दार उघडले, यात शंका नाही. त्या दीर्घिका लहान, तारानिर्मितीत अतिशय सक्रिय, मध्यम धुळीच्या, सूर्याहून कमी जड मूलद्रव्यांच्या आणि वायू बाहेर फेकणाऱ्या असल्याचे तिच्यामुळे कळले. धुळीआडच्या दीर्घिका तिला दिसल्या नाहीत आणि गळणाऱ्या दीर्घिका तिने वगळल्या. त्या उणिवा अवरक्त, मिलिमीटर व ॲस्ट्रोसॅटसारख्या अतिनील वेधांनी काही अंशी भरून काढल्या. एका लहान आरशाच्या दुर्बिणीने २८ तास एकाच जागी पाहून नियमाबाहेरची एक दीर्घिका शोधली आणि नियमाचीच मर्यादा दाखवून दिली. पन्हाळगडावरून शहर मोजणाऱ्याने दिवे जरूर मोजावेत. परंतु आपण दिवे मोजत आहोत, घरे नव्हे, याची जाणीव त्याने अखेरपर्यंत बाळगावी.